लकव्यानंतर मनात हात हलवायचा सराव: आधी काय तपासायचं आणि मग घरी कसा घ्यायचा

लकव्याच्या पेशंटला घरी सोडताना हल्ली बरेच जण सांगतात, रोज डोळे मिटून हात हलतोय अशी कल्पना करत जा. एवढंच सांगतात. मग घरी काय होतं, तर नाना पलंगावर डोळे मिटून पडून राहतात, घरचे थोडे दिवस वाट बघतात आणि म्हणतात ह्याच्याने काही फरक पडत नाही, बंद करा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगाव जिल्ह्यात अमळनेर, चोपडा, पारोळा ह्या भागात घरी जाऊन पेशंट बघते, आणि मला मनापासून वाटतं की हा सराव नीट केला तर कामाचा आहे, पण नीट म्हणजे कसा हे घरच्यांसोबत बसून कुणी सांगत नाही. म्हणून सगळं एकदा लिहून काढतेय, जरा लांबेल, पण ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मुद्दा असा आहे की कल्पना करणं हे पण मेंदूचंच काम आहे. ज्या मेंदूला झटका बसलाय त्याच मेंदूला आपण सांगतोय, कल्पना कर. ती करायची ताकद त्याच्यात शाबूत आहे का, हे कुणी बघतच नाही. हात गेलाय हे सगळ्या गल्लीला दिसतं, पण कल्पना बिघडलीय हे कुणाला दिसत नाही, बऱ्याचदा पेशंटला स्वतःला पण कळत नाही, तुम्ही विचारलं तर तो म्हणणार हो हो करतोय ना.

पुढे जायच्या आधी एक सांगते. हे सगळं पेशंट स्थिर झाल्यावरचं आहे, डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटल्यावरचं. आत्ता कुणाचं तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन होईल अशा दवाखान्यात जा. माणूस शेवटचा चांगला कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, कारण गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटीत रक्तस्राव नाही हे बघूनच. लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेण्यात हे साडेचार तास जातात, हे मी डोळ्यांनी बघतेय, फार वाईट वाटतं.

आता मेंदूत काय चालतं ते बघू. तुम्ही पाण्याचा गिलास उचलता तेव्हा शेवटचा हुकूम मोटर कॉर्टेक्समधून सुटतो, तिथून इंटरनल कॅप्सूल नावाच्या अरुंद वाटेने खाली मणक्यात उतरतो आणि मग हातापर्यंत पोचतो. पण हुकूम सुटायच्या आधीच बरीच तयारी झालेली असते. मोटर कॉर्टेक्सच्या पुढे प्रीमोटर भाग आणि सप्लिमेंटरी मोटर एरिया आहेत, आधी काय करायचं मग काय करायचं हा बेत तिथे ठरतो. मागच्या अंगाला पॅरायटल लोब आहे, माझा हात आत्ता कुठे आहे, गिलास किती लांब, पंजा किती उघडायचा हा हिशोब त्याचा. खोल आत बेसल गँग्लिया आणि मागे खाली छोटा मेंदू, हे वेळ आणि वेग सांभाळतात. आणि कपाळामागचा भाग लक्ष टिकवून धरतो. ह्या सगळ्यांचं मिळून एक नेटवर्क आहे, आणि माणसाने हात न हलवता नुसती कल्पना केली तरी ह्यातले बहुतेक भाग कामाला लागतात. खुद्द मोटर कॉर्टेक्सचं मात्र नक्की नाही, काही अभ्यासांत तो कल्पनेत थोडा जागा झालेला दिसतो, काहींत दिसत नाही, पण डोक्यावर मॅग्नेटिक कॉइल धरून तपासलं तर कल्पना करताना त्या त्या स्नायूकडे जाणारा रस्ता जास्त तयारीत आलेला सापडतो. म्हणजे हुकूम तयार होतो, आणि सोडायच्या आधी धरून ठेवला जातो.

हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. १९८९ मध्ये फ्रान्समधे देसेती आणि जानरो ह्या संशोधकांनी माणसांना ठराविक अंतर आधी खरं चालायला लावलं आणि मग तेवढंच मनात चालायला लावलं, तर दोन्हीला लागलेला वेळ जवळजवळ सारखा आला. पुढे असंही दिसलं की मनात जोराने चालायची कल्पना केली तर नाडी आणि श्वास पण वाढतो, माणूस बसलेलाच असतो तरी. हा वेळेचा मेळ लक्षात ठेवा, खाली तपासणीत आपल्याला हाच लागणार आहे.

मग लकव्यात काय होतं. आपल्याकडे केळीच्या बागेत ड्रिप असतं, एखादा व्हॉल्व्ह चोंदला तर लांबच्या ओळी सुकतात, त्या ओळींची नळी एकदम धड असते तरी. मेंदूचं तसंच. जिथे रक्त तुटलं तो भाग तर जातोच, पण त्याच्याशी जोडलेले लांबचे भाग पण मंद पडतात, त्यांना स्वतःला काही झालेलं नसताना. ह्याला डायास्कायसिस म्हणतात, फॉन मोनाकोव्ह नावाच्या न्यूरोलॉजिस्टने १९१४ मध्ये ही गोष्ट मांडली होती, आणि आता फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामात आहे हे दाखवणाऱ्या तपासणीत, ती प्रत्यक्ष दिसते, म्हणजे लकव्यानंतर सप्लिमेंटरी मोटर एरिया आणि मोटर कॉर्टेक्स ह्यांच्यातला संपर्क कमी झालेला सापडतो, आणि हात बऱ्यापैकी सुधारला तरी कल्पना करतानाचं नेटवर्क पूर्ण पहिल्यासारखं झालेलं नसतं. म्हणून एकाच बाजूच्या, एकसारख्या कमजोरीच्या दोन पेशंटमध्ये एकाची कल्पना चांगली असते आणि दुसऱ्याची पार विस्कटलेली असते.

तर पहिलं काम, एमआरआय किंवा सीटीचा रिपोर्ट काढा. फाईलमध्ये असतोच, कुणी वाचत नाही. तुम्हाला सगळा कळायची गरज नाही, फक्त जागा कुठली लिहिलीय ते बघा आणि तुमच्या फिजिओला किंवा न्यूरोच्या डॉक्टरांना तेवढंच विचारा. इंटरनल कॅप्सूल लिहिलं असेल आणि मार लहान असेल तर वायर तुटलीय पण वरचं बेत करणारं नेटवर्क बरंचसं शाबूत असायची शक्यता चांगली, अशा पेशंटला हा सराव लवकर जमतो असं मी बघतेय. पॅरायटल लिहिलं असेल तर सावध. १९९६ मध्ये सिरिगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पॅरायटल भागाला मार बसलेल्या माणसांना हालचालीला किती वेळ लागेल हे मनात करून बरोबर सांगता येत नाही, कल्पना आणि खरी हालचाल ह्यांचा मेळच सुटतो. मोटर भागाला मार बसला तर असं होत नाही, हात हळू झालेला असतो आणि कल्पना पण तेवढीच हळू होते, मेळ टिकतो. बेसल गँग्लिया लिहिलं असेल तरी कल्पना बिघडू शकते. आपल्याकडे बीपीवाल्यांना जो ब्लीड होतो तो बऱ्याचदा ह्याच खोलातल्या भागात असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

उजवी बाजू गेली म्हणजे मार डाव्या मेंदूला. हालचालीच्या कल्पनेत डाव्या मेंदूचा वाटा जरा जास्त धरतात, आणि बोलणं-समजणं पण बहुतेकांचं तिथेच, म्हणून अशा पेशंटला सूचना समजतायत का हे आधी बघा. डावी बाजू गेली आणि पेशंटला डाव्या बाजूचं भानच नाही, ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, डाव्या बाजूने बोललं तर उजवीकडे बघतात, तर त्यांना आत्ता कल्पनेचा सराव देऊ नका, आधी त्या बाजूकडे लक्ष जाण्याचे व्यायाम करावे लागतात, ते फिजिओकडून किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून शिकून घ्या.

आता घरची तपासणी. मोबाईल, एक पाट आणि अर्धा तास एवढंच लागतं. सकाळी करा, पेशंट ताजा असताना, आणि उन्हाळ्यात तर सकाळीच, दुपारी आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा चांगल्या माणसाचं लक्ष लागत नाही तर पेशंटचं काय लागणार.

पहिली चाचणी वेळेची. चांगल्या हाताने अंगठा एकेका बोटाला लावत करंगळीपर्यंत जायचं आणि परत यायचं, असं पाच वेळा, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. मग तोच हात मांडीवर ठेवून तेच पाच वेळा फक्त मनात करायला सांगा, सुरू करताना हूं म्हणायचं आणि संपलं की हूं म्हणायचं. दोन्ही वेळा साधारण जवळ यायला पाहिजेत. खरं करायला पंधरा सेकंद लागले आणि मनात चार सेकंदात संपलं, तर माणूस कल्पना करत नाहीये, नुसतं झालं म्हणतोय. खूप जास्त वेळ लागला तरी मेळ नाही. मग कमजोर हाताचं मनात करायला सांगा, इथे वेळ जास्त लागणारच, कमजोर हाताची कल्पना बहुतेकांची हळू होते, ते वाईट नाही. कमजोर हात थोडाफार हलत असेल तर त्याचं खरं आणि मनातलं दोन्ही मोजा.

दुसरी चाचणी पेशंटला चकवता येत नाही, म्हणून मला जास्त आवडते. खुर्चीत बसवून समोर पाट ठेवा. पाय पाटावर ठेवायचा, खाली घ्यायचा, परत ठेवायचा, हे एकदोनदा खरं करून दाखवा, मग मनात करायला सांगा आणि म्हणा किती वेळा पाय ठेवला ते मोजत राहा. तुम्ही गुपचूप आधी १५ सेकंद द्या, मग २५, मग ४५, किती सेकंद देताय हे पेशंटला सांगू नका आणि क्रम पण बदला. आकडा वेळेप्रमाणे वाढला पाहिजे. १५ सेकंदात सहा आणि ४५ सेकंदात पण सहाच, किंवा उलटसुलट, तर कल्पना धरून ठेवता येत नाहीये.

तिसरी, हाताचे फोटो. घरातल्याच कुणाच्या डाव्या-उजव्या हाताचे वीसेक फोटो काढा, तळवा, पालथा, बोटं खाली, बोटं आडवी, सगळ्या कोनातून. एकेक दाखवून विचारा हा डावा का उजवा. ही साधी गोष्ट वाटते पण हे ओळखताना माणूस नकळत स्वतःचा हात मनात फिरवून त्या फोटोवर बसवून बघतो, म्हणजे कल्पनेचं नेटवर्क वापरलं जातंय आणि त्याला कल्पना कर असं म्हणावं पण लागत नाही. ज्यांना बोलणं जमत नाही त्यांनी नुसता हात दाखवला तरी चालतं. एकाच बाजूच्या फोटोंना खूप चुकत असतील किंवा फार वेळ लागत असेल तर ते वहीत लिहा.

शेवटी एक प्रश्न विचारा, मनात हात हलवला तेव्हा हाताला आतून काही जाणवलं का, एक म्हणजे काहीच नाही आणि पाच म्हणजे खरंच हलवल्याइतकं, मधला कुठलाही आकडा सांगा. हा आकडा दर आठवड्याला परत विचारायचा.

तिन्ही चाचण्या बिघडल्या तर त्याला इंग्रजी पुस्तकांत केऑटिक मोटर इमेजरी म्हणतात, कल्पना आहे पण तिला वळण नाही. अशा पेशंटला डोळे मिटा आणि कल्पना करा म्हणत रोज बसवून ठेवण्यात अर्थ नाही, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, तो खाली सांगते.

ज्यांची कल्पना बऱ्यापैकी आहे त्यांचा सराव असा घ्या. पलंगावर आडवं होऊन नाही, झोप लागते. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवा, कमजोर हात समोर टेबलावर उशीवर ठेवा, खांदा लोंबकळू देऊ नका. हात ज्या कामाची कल्पना करायची त्याच ठेवणीत असू द्या, आणि ती वस्तू खरीखुरी समोर ठेवा, स्टीलचा गिलास तर गिलास. आधी चांगल्या हाताने ती वस्तू धरून, उचलून, वजन बघून घ्यायला सांगा. मग डोळे मिटायचे.

कल्पना दोन तऱ्हेची असते. एक म्हणजे समोर उभं राहून स्वतःला बघतोय, मी गिलास उचलतोय असं दिसतंय. दुसरी म्हणजे आतून, गिलास गार लागतोय, बोटं आवळतायत, कोपर उचलताना दंडात जोर येतोय. आपल्याला दुसरी पाहिजे, कारण हालचालीच्या भागांना तीच जास्त जागं करते, पहिल्या तऱ्हेत बघायचे भागच जास्त चालतात. सुरुवातीला पेशंट पहिलीच करतात, त्यांना दर वेळी टोकावं लागतं, काय दिसलं नका सांगू, काय लागलं ते सांगा.

सूचना घरच्या माणसाने मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवाव्यात, आणि घरात जी भाषा बोलता त्याच भाषेत, म्हणजे अहिराणी तर अहिराणी, डोया मिटी ले असं म्हटल्यावर जो माणूस लगेच ऐकतो त्याला कृपया डोळे बंद करावेत कशाला म्हणायचं. आवाज पण ओळखीचा पाहिजे, सुनेचा, नातवाचा, कुणाचा पण. गिलासाचं रेकॉर्डिंग साधारण असं करायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर तीनचार सेकंद गप्प राहायचं:

"नाना, दोन मोठे श्वास घ्या. हात टेबलावर आहे, उशी खाली लागतेय. समोर गिलास आहे. आता हात पुढे सरकवा, कोपर सरळ होतंय, खांद्यातून जोर येतोय. बोटं उघडा, अंगठा बाजूला न्या. गिलास हाताला लागला, गार आहे. बोटं एकेक करून आवळा, पहिलं बोट, मधलं, मग बाकीची. आता उचला, गिलास जड आहे, मनगट ताठ ठेवा. तोंडाजवळ आणा, कड ओठाला लागली. घोट घेतला. आता हळूच खाली न्या. बूड टेबलाला टेकलं, आवाज आला. बोटं सोडा. हात मागे घ्या."

बोटं सोडा हा भाग कुणी रेकॉर्ड करत नाही, आणि लकव्याच्या हाताला धरण्यापेक्षा सोडणंच अवघड जातं, म्हणून तो नक्की घाला.

गिलास झाला की पेशंटच्या स्वतःच्या कामाकडे या, आणि खरी मजा इथेच आहे. ज्या कामात हाताने आयुष्य घालवलंय त्याची कल्पना एकदम जिवंत येते. पारोळ्याकडच्या एक मावशी होत्या, उजवी बाजू गेलेली, गिलासाची कल्पना कितीही केली तरी त्यांचा आकडा एकच्या वर जाईना, काहीच वाटत नाही म्हणायच्या. मग मी त्यांच्या मुलाला शेतातून कापसाची फुटलेली बोंडं आणायला लावली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी बोंड बोटांनी चाचपलं, पाकळीचं सुकं टोक नखाच्या कडेला टोचलं तसं त्यांनी तोंड वाकडं केलं, डोळे मिटले आणि आपणहून सांगायला लागल्या, तीन बोटं आत घालायची, कापूस मुळापासून धरायचा, थोडं पिळून ओढायचा म्हणजे कचरा येत नाही, मग ओटीत टाकायचा. हे सांगताना त्यांना उजव्या अंगठ्यात ओढ जाणवली. हात हलला नाही, चमत्कार वगैरे काही नाही, पण आकडा तीनवर गेला आणि त्या दिवसापासून सराव त्या स्वतः मागायला लागल्या. तर तुमच्या घरातल्या माणसाचं असं काम शोधा. दादर ज्वारीची भाकर थापायची असेल, परातीतलं ओलं पीठ तळव्याखाली पसरतंय, म्हशीची धार काढायची असेल, मोटरसायकलचा एक्सलेटर असेल, दुकानात पुडी बांधायची असेल, हार्मोनियम असेल, काही पण. फक्त काम लहान तुकड्यांत तोडा, अख्खी भाकर एकदम नको, आधी नुसतं पीठ दाबणं घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक घरांत सराव फुकट जातो. मनातला सराव एकटा पुरत नाही. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये १२१ पेशंटवर अभ्यास झाला, त्यात नुसत्या मनातल्या सरावाने हाताच्या सुधारणेत काही फरक दिसला नाही. आणि कॉक्रेन नावाची संस्था बरेच अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०२० च्या आढाव्यात २५ अभ्यास आणि ६७६ पेशंट एकत्र धरले तेव्हा दिसलं की नेहमीच्या उपचाराला हा सराव जोडला तर हात वापरण्यात फायदा होतो. दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. फिजिओ बंद करून, पैसे वाचवायला म्हणून नुसती कल्पना करणार असाल तर करू नका. व्यायामाला जोडून करा, शक्यतो व्यायाम झाल्यावर, कारण अंगाला त्या हालचालीची ताजी आठवण असते. माझी पद्धत अशी आहे की दोनतीन वेळा मनात, मग लगेच एकदा खरा प्रयत्न, हात जेवढा जाईल तेवढा, उरलेला घरच्याने आधार देऊन पुरा करायचा, आणि मग परत मनात. पेशंटला सांगा, खरं करताना जे वाटलं तेच आता मनात आणायचं.

किती वेळ करायचं हे सगळे विचारतात. २०११ च्याच एका मोठ्या आढाव्यात वेगवेगळ्या क्षेत्रातले अभ्यास बघितले तर सरासरी आठवड्यातून ३ वेळा आणि दर वेळी १७ मिनिटं असं निघालं. लकव्याच्या पेशंटला सुरुवातीला पाच मिनिटं पण भारी पडतात, डोकं थकतं, त्यांचा थकवा आपल्याला कळत नाही. पाचपासून सुरू करा आणि पंधरा-वीसपर्यंत न्या, त्याच्या वर नको. पहिल्या पाच मिनिटांतच जांभया, चिडचिड, रडू येत असेल तर थांबा. लकव्यानंतर उगाच रडू येणं, उदास राहणं हे आजाराचा भाग असू शकतं, मन कमजोर म्हणून त्याला दटावू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

कल्पना करताना हात ढिला पाहिजे. मूठ वळत असेल, कोपर आखडत असेल तर पेशंट गुपचूप खरा जोर लावतोय, थांबवा, हात मोकळा करा, परत सुरू करा. खांदा किंवा पंजा आधीच दुखतोय, सुजलाय, हात लावू देत नाहीत, अशा हातात नुसत्या कल्पनेने पण दुखणं आणि सूज वाढू शकते, हे अभ्यासात दिसलंय, लोकांना पटत नाही पण खरं आहे. त्यांना आधी फक्त फोटो ओळखायचा सराव द्या, दिवसातून थोडा थोडा, तो जमला आणि दुखणं वाढलं नाही की मग कल्पना. आणि ज्यांना सूचनाच समजत नाहीत, किंवा जे दिवस-रात्र गोंधळलेले आहेत, त्यांना हा सराव नकोच.

पायासाठी पण करता येतं, ओट्यावरून दारापर्यंत मनात चालायचं, टाच टेकली, वजन आलं, गुडघा वाकला, असं. पण बसूनच. उभं राहून डोळे मिटून कधीच नाही, पडायचे.

आता ज्यांची कल्पना विस्कटलीय त्यांचा रस्ता. त्यांना मनातून काही आणायला सांगू नका, डोळ्यांना दाखवा. मोबाईलवर चांगल्या हाताचा व्हिडिओ काढा, त्यांच्याच बाजूने, म्हणजे मोबाईल छातीजवळ धरून, गिलास उचलताना, हळू. तो दोन मिनिटं बघायचा आणि लगेच तीच हालचाल आधार घेऊन करायची. दुसऱ्याची हालचाल नीट बघितली तरी प्रीमोटर आणि पॅरायटल भाग चालू होतात, आणि इथे चित्र मनात धरून ठेवायचा भार नसतो. सोबत आरसा. कपाटाचा जुना आरसा चालेल, हात कोपरापर्यंत दिसेल एवढा मोठा, कडांना जाड टेप लावा, कमजोर हाताला जाणीव नसेल तर कापलेलं पण कळत नाही. आरसा छातीसमोर टेबलावर उभा, चांगला हात आरशासमोर, कमजोर हात आरशामागे, दोन्ही हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढून, म्हणजे आरशातला हात आपलाच वाटतो. चांगल्या हाताने मूठ उघड-मीट करायची, नजर आरशात, आणि मागच्या हाताने जमेल तेवढं तेच करायचा प्रयत्न. ही आरशाची युक्ती रामचंद्रन ह्या मेंदूच्या संशोधकांनी हात कापलेल्या माणसांच्या दुखण्यासाठी आणली आणि १९९९ मध्ये लकव्याच्या पेशंटवर पहिल्यांदा करून बघितली गेली, आता तर बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या उपचारात आहे. चक्कर येत असेल किंवा आरशात बघून घाबरत असतील तर बळजबरी नको. थोडे आठवडे व्हिडिओ आणि आरसा केल्यावर वरच्या तीन चाचण्या परत घ्या, वेळेचा मेळ सुधारला तर डोळे मिटून करायचा सराव तेव्हा सुरू करा.

वही ठेवा. तारीख, कुठलं काम मनात केलं, किती मिनिटं, आकडा किती सांगितला, खऱ्या प्रयत्नात हात कुठपर्यंत गेला, दुखलं का. बस्स, एक ओळ. आकडा चारच्या वर टिकला की काम बदला, थोडं अवघड घ्या, गिलासात पाणी भरा, पुडीची गाठ घ्या. आकडा दोनवरच अडकला तर काम बदला, वस्तू बदला, आवाज बदला, त्याच गिलासाला धरून बसू नका. आणि फिजिओकडे जाताना ही वही घेऊन जा, आम्हाला त्यातून जे कळतं ते दहा मिनिटांच्या तपासणीत कळत नाही. खासगी फिजिओ परवडत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या ओपीडीत फिजिओथेरपीची चौकशी करा, एमआरआय-सीटीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, आणि पेशंटजवळ रोज बसणारं माणूसच सोबत जाऊ द्या, कारण घरी सराव तेच घेणार आहे.